‘जमा’ आणि ‘सरकारजमा’ : बेकायदा ठरलेल्या शस्त्राच्या मालकापुढील मार्ग

शस्त्रबंदीचा विचार करताना आपले लक्ष बहुधा बंदी घालणाऱ्या सत्तेकडे आणि ती झुगारणाऱ्या बंडखोराकडे जाते. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला तिसरा मनुष्य सहसा नजरेस पडत नाही. काल सायंकाळपर्यंत ज्याची बंदूक कायदेशीर होती आणि आज सकाळी जी तशी राहिली नाही, असा हा मनुष्य होय. त्याने बंड केलेले नाही, गुन्हाही केलेला नाही. बदल झाला तो त्याच्या वर्तनात नव्हे, कायद्याच्या शब्दांत. अशा मालकाने त्या वस्तूचे करावयाचे काय, आणि जे करावयाचे त्यास आपल्या भाषेत कोणती नावे आहेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रस्तुत लेखक हा इतिहासाचा नव्हे, भाषेचा अभ्यासक असल्यामुळे कायद्याच्या इतिहासाकडे तो शब्दांच्या दारातून पाहणार, हे आरंभीच सांगून ठेवणे बरे.

शस्त्रव्यवहाराची मराठी परिभाषा पाहिली तर तीत एकही परका वंश वगळलेला दिसत नाही. ‘बंदूक’ अरबीतून आली, ‘तोफ’ तुर्कीतून. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर उतरविले. ‘परवाना’ फारशी आहे. ज्या शब्दांशी आपणांस आज कर्तव्य आहे ते ‘जमा’, ‘जप्त’ आणि ‘अनामत’ हे तिन्ही अरबी मुळाचे असून फारशी दप्तरातून मराठीत रुळले. मुळात त्यांचे अर्थ अगदी निरनिराळे आहेत. ‘जमा’ म्हणजे एकत्र केलेले, आणि हिशेबात आवकेची बाजू; ‘जप्त’ म्हणजे बळाने ताब्यात धरलेले; ‘अनामत’ म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेले, जे मागताच परत मिळावे असे. ‘जमा’च्या मागे ‘सरकार’ लागले की मालकी संपली. ‘सरकारजमा’ झालेली जमीन ज्याची होती त्याची राहत नाही.

आता व्यवहार पाहा. निवडणुका जाहीर झाल्या की परवानाधारक आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन देतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे रानडुकरांपासून व माकडांपासून पीक राखण्यासाठी ठासणीच्या किंवा काडतुसाच्या बंदुका बाळगणारे शेतकरी पुष्कळ आहेत, आणि त्यांस ही ये-जा अंगवळणी पडली आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे कोणाची बंदूक ठेवून घ्यावयाची हे छाननी समितीने ठरवावयाचे असते. तरी गावात बोलले जाते ते एवढेच, की बंदूक ‘जमा केली’. परवान्याची मुदत संपून नूतनीकरण राहिले, तरी बंदूक ‘जमा केली’. आजोबा वारले, नातवाकडे परवाना नाही, तेव्हाही ‘जमा केली’. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती कायमची शासनाची झाली, तरी क्रियापद तेच. चार प्रसंग, चार निरनिराळ्या कायदेशीर अवस्था, आणि शब्द एक. ही केवळ बोलीची ढिलाई आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. तिच्यामागे इतिहास आहे.

तो इतिहास १८५७ पासून सुरू होतो. त्या वर्षीचा अठ्ठाविसावा अधिनियम शस्त्रांची आयात, निर्मिती, विक्री आणि ती बाळगण्याचा अधिकार यांच्या नियमनासाठी करण्यात आला, आणि १८६० च्या एकतिसाव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. उठाव शमल्यानंतर अवधमध्ये घरोघरची शस्त्रे गोळा करण्याची जी मोहीम झाली तीत तलवारी, भाले, तोड्याच्या बंदुका लक्षावधींनी काढून घेण्यात आल्या. दक्षिण महाराष्ट्रातही हेच घडले. मुधोळच्या घोरपडे संस्थानातील हलगली या गावच्या बेडरांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये आपली शस्त्रे सरकारच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. कर्नल माल्कमच्या फौजेने गाव जाळले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांस फाशी दिले. कानडी लावणीने तो प्रसंग जतन करून ठेवला आहे. नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांस आपल्याकडील तोफा धारवाडास पाठविण्यास सांगण्यात आले होते, आणि त्यांचा शेवट १८५८ च्या जूनमध्ये बेळगावच्या फासावर झाला. नरगुंदच्या उठावास दत्तकाच्या प्रश्नासह इतरही कारणे होती, हे येथे विसरून चालणार नाही. तथापि शस्त्र सरकारपाशी देणे म्हणजे पराभव मान्य करणे, हा अर्थ या काळात पक्का झाला. मराठीत ‘हत्यार टाकणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ शरण जाणे असाच आहे. ज्याने हत्यार टाकले त्यास ते परत मिळत नाही.

याच काळातील एक विरुद्ध उदाहरण नोंदण्यासारखे आहे. कूर्गमधील कोडव समाजास १८६१ मध्ये निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून सूट मिळाली. राजनिष्ठेचे ते बक्षीस होते. ती सूट निरनिराळ्या रूपांनी टिकून राहिली असून २०१९ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली. हलगलीपासून कूर्ग काही फार दूर नाही. एकाच दशकात, एकाच सत्तेखाली, शस्त्र बाळगणे हे एका समाजासाठी फाशीचे कारण झाले आणि दुसऱ्यासाठी सन्मानाचे चिन्ह. मालकापुढे कोणते मार्ग उघडे आहेत हे शस्त्रावर अवलंबून नव्हते, मालक कोण यावर होते.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ चा अकरावा अधिनियम, म्हणजे पुढे सर्वांच्या तोंडी झालेला ‘हत्यारांचा कायदा’, याच तत्त्वावर उभा होता. युरोपियनांस त्याच्या बंधनातून मोकळीक होती. ही वांशिक सूट जाण्यास १९२० साल उजाडावे लागले. या कायद्यावर राष्ट्रीय चळवळीने जी टीका केली ती सर्वपरिचित आहे, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला तो याच टीकेचे फळ म्हणून. परंतु या कायद्यातील एक कलम चळवळीच्या वाङ्‌मयात दुर्लक्षित राहिले आहे. ते सोळावे. परवाना रद्द झाल्याने, संपल्याने किंवा नव्या अधिसूचनेमुळे ज्याच्यापाशी असलेले शस्त्र बेकायदा ठरते, त्याने ते विनाकारण विलंब न लावता नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यापाशी नेऊन ठेवावे, असे त्यात सांगितले होते. मूळ इंग्रजीत ठेवण्यासाठी ‘डिपॉझिट’ हे क्रियापद आहे. ‘सरेंडर’ नाही, ‘फॉर्फिट’ही नाही. पेढीत पैसे ठेवावेत तसे शस्त्र ठेवावयाचे, हा या क्रियापदाचा सरळ अर्थ होय.

हा फरक लहान नाही. शस्त्र बाळगणे बेकायदा झाले म्हणजे त्यावरील मालकी नष्ट झाली असे होत नाही, हे तत्त्व त्या एका क्रियापदात दडलेले आहे. ताबा आणि मालकी यांची फारकत होते. ताबा तत्काळ सोडावयाचा. मालकी मात्र काही काळ तशीच राहते, आणि त्या काळात मालकाने तिचा निर्णय करावयाचा. वसाहतीच्या कायद्याने जे एवढ्या अनुदार हेतूने रचले त्यात हे तत्त्व असावे हे नवल खरे. स्वतंत्र भारताने ते टाकून दिले नाही, उलट विस्ताराने मांडले.

१९५९ चा चौपन्नावा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. जुना कायदा राष्ट्रास निःशस्त्र करण्यासाठी होता आणि कायदा पाळणाऱ्या नागरिकास शस्त्र मिळविणे स्वातंत्र्यानंतरही अवघड राहिले, अशी कबुली त्याच्या उद्देशपत्रिकेत दिली आहे. १८७८ च्या सोळाव्या कलमाचा वारस म्हणजे या अधिनियमाचे एकविसावे कलम. त्यातील मार्ग थोडे सावकाश पाहण्यासारखे आहेत, कारण वर ज्या चार अवस्थांस आपण एकच शब्द लावतो त्यांचे पृथक्करण तेथेच सापडते.

परवाना संपला, निलंबित झाला, रद्द झाला, चौथ्या कलमाखाली अधिसूचना निघाली किंवा अन्य कोणत्याही कारणाने ताबा कायदेशीर राहिला नाही, तर मालकाने शस्त्र व दारूगोळा नजीकच्या पोलीस ठाण्यात ठेवावा किंवा विहित अटींवर परवानाधारक व्यापाऱ्याकडे ठेवावा. तो सैन्यदलात असेल तर आपल्या तुकडीच्या शस्त्रागारातही ठेवू शकतो. म्हणजे पोलीस ठाणे हा एकच दरवाजा नाही. व्यापाऱ्याकडे बंदूक ठेवण्याची मुभा फार थोड्यांस ठाऊक असते. वस्तुतः जुन्या, नक्षीदार, तेलपाणी मागणाऱ्या बंदुकीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या कोठडीपेक्षा व्यापाऱ्याचे कपाट निश्चितच मानवते. ठेवल्यानंतर नियमांनी ठरविलेल्या मुदतीत मालकास दोन गोष्टी करता येतात. तो पुन्हा पात्र ठरला, उदाहरणार्थ त्याने परवाना मिळविला, तर वस्तू परत मागू शकतो. नाही तर ती कायद्याने पात्र असलेल्या दुसऱ्या व्यक्तीस विकू किंवा अन्य रीतीने देऊ शकतो, दुसऱ्याकडून विकवू शकतो, आणि विक्रीचे पैसे त्याचे असतात. येथपर्यंत ही शुद्ध ‘अनामत’ आहे.

मुदत उलटून गेली आणि यांपैकी काहीच झाले नाही, तरच पुढची पायरी येते. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने वस्तूचे समपहरण होते, म्हणजे ती शासनाची होते. परंतु हा आदेश आपोआप निघत नाही. आधी ठेवणाऱ्यास, आणि ज्याचा हितसंबंध आहे असे वाटेल अशा अन्य व्यक्तीसही, नोटीस द्यावी लागते. कारण दाखविण्यास तीस दिवसांचा अवधी द्यावा लागतो. दाखविलेल्या कारणाचा विचार करावा लागतो. परवाना केवळ निलंबित असेल तर निलंबनाच्या काळात समपहरण करताच येत नाही. आणि शेवटी असेही आहे, की समपहरण झालेली वस्तू किंवा तिच्या विक्रीचे उत्पन्न शासन केव्हाही, पूर्णतः वा अंशतः, परत देऊ शकते. ‘सरकारजमा’ झाल्यावरही दार पुरते बंद होत नाही. मराठी भाषकाच्या मनातील ‘हत्यार टाकणे’ आणि कायद्यातील हे ‘ठेवणे’ यांतील अंतर येथे पुरेपूर दिसते.

याशिवाय आणखी दोन वाटा आहेत. पाचव्या कलमाप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र मालक पात्र व्यक्तीस विकू शकतो. मात्र बंदुकीच्या बाबतीत तसा लेखी इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यास वा ठाण्यास कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. ही वाट बंदी येण्यापूर्वी चोखाळावयाची, कारण ताबा बेकायदा झाला की आधी ठेवणे आणि मग विकणे हाच क्रम. दुसरी वाट पंचेचाळिसाव्या कलमातील आहे. कालबाह्य घडणीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्तीनेही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यास हा अधिनियम लागूच होत नाही. वाड्याच्या भिंतीवरील जामगीची बंदूक या सदरात बसते, असे घरातील मंडळी गृहीत धरतात. ते गृहीत धरणे घातक आहे. कलमाचा भर वयावर नाही, ती चालणार नाही यावर आहे. दोनशे वर्षांची तोड्याची बंदूक जर दारू ठासून उडविता येत असेल, तर ती बंदूकच होय.

‘बंदी’ या शब्दाच्या व्याप्तीबद्दलही येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. आपल्याकडे बंदी अनेकदा बंदुकीवर नसते, बोअरवर, म्हणजे नळीच्या व्यासावर असते. सैन्याचे काडतूस ज्या नळीत बसेल ती नळी नागरिकास नको, हा त्यामागील विचार. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात व सुदानात .४५० बोअरच्या रायफलींची व काडतुसांची आयात बंद केली, तेव्हा इंग्लंडमधील बंदुका बनविणाऱ्यांनी .४६५, .४७० आणि .४७५ अशी नवी काडतुसे काढली. वाघ-हत्तींच्या शिकारीस निघालेल्या साहेबाची गैरसोय झाली ती फार तर एका मोसमाची. व्याख्येच्या कडेवरून अंकाचे बोट थोडे सरकविले की नवा माल कायदेशीर होतो. जुन्या मालाच्या मालकास मात्र नळीचा व्यास सरकविता येत नाही.

संख्येवरील बंदी ही याहून अगदी वेगळी बाब आहे, आणि अलीकडच्या काळात मालकांवर तिचाच परिणाम झाला. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनपेक्षा अधिक बंदुका बाळगण्यास मनाई केली. अधिक असतील त्याने पसंतीच्या तीन ठेवून उरलेल्या नव्वद दिवसांत ठेवून द्यावयाच्या होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आणली. विधेयकात मुळात एकच बंदूक होती. वडिलोपार्जित शस्त्रांचा आणि नेमबाजांचा प्रश्न संसदेत उपस्थित झाल्यानंतर ती दोन झाली. १४ डिसेंबर २०१९ पासून एक वर्षाची मुदत देण्यात आली. वारसाहक्काने मिळणाऱ्या परवान्यासही तीच दोनची मर्यादा घालण्यात आली. ते वर्ष करोनाच्या साथीचे निघाले. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि ज्या कचेऱ्यांत ही कामे व्हावयाची त्या कित्येक महिने दुसऱ्याच कामात बुडाल्या.

या दुरुस्तीत भाषेच्या अभ्यासकास थबकविणारा एक शब्द आहे. वर्ष संपल्यावर नव्वद दिवसांत अतिरिक्त बंदूक ‘डीलायसेन्स’ केली जाईल, असे तेथे म्हटले आहे. हा शब्द भारतीय कानांस नवा नाही. १९९१ च्या औद्योगिक धोरणानंतर तो वर्तमानपत्रांतून रोज भेटत असे, आणि त्याचा अर्थ होता परवान्याच्या जाचातून उद्योगाची सुटका. मराठीत आपण त्यास ‘परवानामुक्त’ म्हटले. शस्त्रांच्या कायद्यात त्याचा अर्थ नेमका उलट आहे. येथे परवाना काढून घेतला जातो, परवान्याची गरज नव्हे. ‘तिसरी बंदूक परवानामुक्त झाली’ असे भाषांतर कोणी केले आणि वाचणाऱ्याने ते शब्दशः घेतले, तर आता परवान्याशिवाय ती घरी ठेवता येते असा अर्थ निघतो, आणि त्या अर्थावर चालणारा मनुष्य पंचविसाव्या कलमाखाली तुरुंगात जाऊ शकतो. एका उपसर्गाने असा अनर्थ घडण्याची उदाहरणे विधिभाषेत विपुल आहेत. परंतु त्यांपैकी फार थोडी दोन ते पाच वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत पोहोचत असतील. योग्य भाषांतर ‘त्या बंदुकीपुरता परवाना रद्द करणे’ असेच व्हावयास हवे. ते लांब आहे, पण खरे आहे.

विक्रीचा मार्ग कागदावर मोकळा असला तरी संख्येवरील बंदीने तो अरुंद केला आहे. घेणाराही परवानाधारक हवा आणि त्याच्याकडेही दोनपेक्षा कमी बंदुका हव्यात. ज्या दिवशी विकणाऱ्याची मर्यादा घटली त्याच दिवशी घेणाऱ्याचीही घटली. विकावयास निघालेल्यांची संख्या वाढली आणि घेऊ शकणाऱ्यांची कमी झाली, तर भावाचे काय होते हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. शासनाने या तोट्याची भरपाई देऊ केली नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही. अनुच्छेद ३००-अ अन्वये कायद्याचा आधार असल्याखेरीज कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, आणि तसा आधार येथे आहे.

भरपाईचा मार्ग काही देशांनी पत्करला, आणि तुलनेपुरता त्याचा उल्लेख करणे प्राप्त आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या एप्रिलमध्ये पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेल्यानंतर अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली. त्या देशाच्या घटनेप्रमाणे केंद्र सरकारने मालमत्ता घ्यावयाची तर न्याय्य अटींवर घ्यावी लागते. म्हणून आरोग्यविम्याच्या पट्टीत एका वर्षासाठी ०.२ टक्क्यांची वाढ करून सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेण्यात आल्या. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत एक्कावन्न जणांची हत्या झाली आणि महिन्याच्या आत बंदीचा कायदा झाला. तेथे मालकापुढे ठेवलेल्या पर्यायांची यादी आपल्यापेक्षा लांब होती. बंदूक पोलिसांनी भरविलेल्या ठिकाणी वा ठराविक व्यापाऱ्याकडे द्यावी आणि नवीसारखी असेल तर मूळ किमतीच्या ९५ टक्के, वापरलेली असेल तर ७०, मोडकी असेल तर २५ टक्के घ्यावेत. किंवा मान्यताप्राप्त कारागिराकडून ती कायद्यात बसेल अशी बदलून घ्यावी व त्यासाठी ३०० डॉलरपर्यंत खर्च मिळवावा. किंवा संग्राहक, कीडनियंत्रक अशा नात्याने विशेष पृष्ठांकन मागावे. २० डिसेंबर २०१९ पर्यंत ५६ हजारांहून अधिक बंदुका गोळा झाल्या आणि दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वाटली गेली. या व्यवहारास इंग्रजीत ‘परत-खरेदी’ म्हणतात. सरकारने जे कधी विकले नाही ते ते परत कसे खरेदी करते, हा प्रश्न तेथील नाराज मालकांनी विचारला आणि तो व्याकरणदृष्ट्या अगदी रास्त आहे. परंतु त्या शब्दात एक सौजन्य आहे. देणारा शरण येत नाही, विकतो. आणि विकणाऱ्यास ताठ मानेने घरी जाता येते.

आपल्या कायद्याने पैसे देऊ केले नाहीत, पण मालकी लगेच हिरावलीही नाही. त्याने दिला तो वेळ आणि नोटिशीचा हक्क. हा हक्क ज्यास माहीत नाही त्यास तो नसल्यासारखाच, आणि तो माहीत नसण्याचे एक कारण ‘जमा’ हा शब्द आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मृत आजोबांची बंदूक ठाण्यात देऊन आलेला नातू ती ‘गेली’ असे समजतो. मुदतीत परवान्याचा अर्ज करता येईल, ती आतेभावास विकता येईल, नोटीस आली तर उत्तर देता येईल, यांपैकी काहीच त्याच्या मनात येत नाही. मग मुदत संपते आणि त्याची समजूत खरी ठरते. दुसरा कोणी ‘जमा’ या शब्दासच बिचकून बंदूक माळ्यावरच्या गोणपाटात ठेवतो. पहिल्याने मालमत्ता गमावली, दुसऱ्याने निर्दोषत्व.

ठाण्यातून मिळणाऱ्या पावतीवर ‘जमा’ऐवजी ‘अनामत ठेव’ असे शब्द असावेत, आणि त्याखाली मुदतीची तारीख व एकविसाव्या कलमातील परत मागण्याचा व विकण्याचा हक्क दोन ओळींत मराठीत छापावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. ‘सरकारजमा’ हा शब्द समपहरणाच्या आदेशासाठीच राखून ठेवता येईल.